अम्मी-अब्बा हजला चाललेत आणि गर्दीची भीती वाटते : मिनात नक्की काय होतं आणि घरून काय शिकवून पाठवायचं

ताई, तुमचा प्रश्न असा की अब्बा ६७ वर्षांचे आहेत, शुगर आहे, एक गुडघा दुखतो, अम्मी ६१ च्या, दोघं हज कमिटीतून चाललेत, तुम्ही २०१५ च्या मिनाच्या (मक्केजवळ हाजींचे तंबू असतात ती जागा) दुर्घटनेचे व्हिडिओ बघितले आणि तेव्हापासून झोप लागत नाही. तर तिथे खरंच किती धोका आहे, एवढी गर्दी सांभाळतात कशी आणि दोघांना काय सांगून पाठवायचं. जरा लांबलचक लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा आणि जमलं तर अम्मी-अब्बांना समोर बसवून वाचून दाखवा.

मी पोलीस खात्यातला माणूस, निम्मी नोकरी बंदोबस्तातच गेली, विसर्जन म्हणा, माहीमचा उरूस म्हणा. आणि तीनदा खादिमुल हुज्जाज म्हणून मक्केला जाऊन आलोय, आता त्याला स्टेट हज इन्स्पेक्टर म्हणतात. दीडशे-दोनशे हाजींमागे जो एक सरकारी माणूस पाठवतात, तंबू शोधून देणारा, हरवलेल्यांना आणणारा, रात्री दोनला गोळ्या शोधणारा, तो मी. २०१५ ला मी तिथे नव्हतो, त्यामुळे त्याबद्दल जे लिहीन ते वाचून आणि तिथे असलेल्यांकडून ऐकून.

पहिली गोष्ट, आपण चेंगराचेंगरी म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर काय येतं, लोक घाबरून पळाले, कोणीतरी पडलं, बाकीचे त्याच्यावरून गेले. बहुतेक वेळा तसं होतच नाही. माणसं उभ्या उभ्याच जातात. चारही बाजूंनी एवढा दाब येतो की छाती फुगायला जागा राहत नाही, श्वास आत घेता येत नाही, आणि काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडतो. पळायला जागाच नसते तिथे पळणार कोण. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागच्याला पुढचं काही दिसत नाही, पुढे लोक गुदमरतायत आणि मागचा माणूस फक्त एक पाऊल पुढे टाकतोय, कोणाचं वाईट करायचं त्याच्या मनातही नाही, पण अशा हजारो माणसांचं एकेक पाऊल पुढे जाऊन साठतं. मुंबईत २०१७ च्या २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण गेले तेव्हाही हेच, पाऊस आला म्हणून लोक जिन्यात थांबले आणि मागून गाड्यांमधून माणसं उतरत राहिली.

यावरून आठवलं, आपल्या ग्रुपमध्ये मुंबईचे हाजी असले की एक वाक्य ठरलेलं, "अरे आम्ही रोज लोकलने जातो, आम्हाला काय गर्दी सांगतोस." मी त्यांना दरवेळी हेच सांगतो की लोकलचा डबा भरला की भरला, चौथ्या बाजूने अजून दहा हजार माणसं त्यात शिरू शकत नाहीत, आणि डब्यात तुम्ही उभे असता, चालत नसता. रस्त्यावरच्या गर्दीला दरवाजा नसतो. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार माणसं असतील तोवर चालता येतं, सहा-सात झाली की तुमचे पाय तुमचे राहत नाहीत, गर्दी नेईल तिकडे अंग जातं, लाट आल्यासारखं. लोकलची सवय असलेला माणूस उलट जास्त बेफिकीर असतो आणि तोच पुढे घुसतो.

आता मिनाचं बघा. हजचा महिना जिलहिज्जा, त्याच्या ८ तारखेला मिना, ९ ला अरफात, रात्री मुजदलिफा, १० ला सकाळी परत मिना आणि मोठ्या शैतानला कंकरी, म्हणजे शैतानच्या खुणेवर सात खडे मारायचे, मग कुर्बानी, हलक म्हणजे मुंडण, तवाफ म्हणजे काबाला फेऱ्या, आणि ११-१२ ला परत तिन्ही शैतानांना कंकरी. म्हणजे सोळा-अठरा लाख माणसं त्याच दोन-तीन डोंगरांच्या मधल्या दरीत, त्याच क्रमाने, त्याच दिवशी फिरणार, तारीख बदलता येत नाही, जागाही बदलता येत नाही. २०१२ ला तर हा आकडा ३१ लाखांच्या वर गेला होता, २०२४ ला १८ लाख, २०२५ ला पावणेसतरा लाखांच्या जवळपास. मग हातात उरतं काय, तर कोण किती वाजता निघेल आणि कोणत्या रस्त्याने जाईल एवढंच. सगळी व्यवस्था या दोन गोष्टींवर उभी आहे, आणि हाजी नेमक्या याच दोन गोष्टी मोडतात, म्हणून मला हे एवढं लिहावं लागतंय.

पूर्वीचे अपघात काढून बघितले तर बहुतेक कंकरीच्या आसपासचे. १९९० चा वेगळा, तो पादचारी बोगद्यातला, १,४२६ माणसं गेली. १९९७ ला मिनात तंबूंना आग लागली, ३४३ गेले, त्यानंतर कापडी तंबू जाऊन आग न पकडणारे पांढरे तंबू आले आणि तंबूत गॅस पेटवायला बंदी झाली (तरी कोणीतरी चहाची किटली घेऊन येतंच, कृपा करून अम्मींना सांगा तिथे चहा मिळतो). पण १९९४, १९९८, २००४, २००६ हे सगळे जमरातचे, म्हणजे कंकरी मारायच्या जागेचे. १२ जानेवारी २००६ चा मुद्दाम सांगतो. तो १२ जिलहिज्जाचा दिवस होता, जवाल झाल्यावर, म्हणजे दुपारी सूर्य कलल्यावर कंकरी मारायची आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या आत मिना सोडायचं म्हणून सगळे एकदम कंकरीच्या पुलाच्या तोंडाशी आले, बऱ्याच जणांकडे बॅगा होत्या कारण तिथूनच निघायचं होतं, बॅगा पडल्या, त्यावर माणसं अडखळली, साडेतीनशेच्या आसपास जीव गेले. नंतर शास्त्रज्ञांनी त्या दिवसाचं कॅमेऱ्यांचं चित्रीकरण तपासलं तेव्हा दिसलं की आधी गर्दी नीट वाहत होती, मग थांबत-चालत, थांबत-चालत अशी व्हायला लागली, आणि मग थोड्याच वेळात सगळीकडून धक्के. त्या मधल्या वेळात ओळखता आलं असतं. म्हणून मी माझ्या ग्रुपला शिकवतो की रस्त्यावर गर्दी दोन पावलं चालते, थांबते, परत दोन पावलं चालते असं व्हायला लागलं तर ती साधी गर्दी समजू नका, बाजूला व्हायची वेळ तीच.

२००६ नंतर तो जुना पूल पाडला आणि आताचा बांधला, पाच मजली, ९५० मीटर लांब, ८० मीटर रुंद, यायचे अकरा रस्ते आणि जायचे बारा, तासाला ३ लाख माणसं जातील असा. त्याच्या थोडं आधी शैतानचे गोल खांब काढून तिथे लांब भिंती केल्या होत्या, २६ मीटरच्या, म्हणजे सगळे एकाच बिंदूभोवती जमणार नाहीत. आत शिरायचा रस्ता वेगळा, बाहेर पडायचा वेगळा, उलटं फिरायचं नाही. तुम्ही पुलावर गेलात तर खरंच आश्चर्य वाटेल एवढं मोकळं असतं. आणि एक गंमत अशी की भिंत दिसली की प्रत्येक जण पहिल्या टोकालाच थांबून मारायला लागतो, तिथे खच्चून गर्दी, आणि तीच भिंत पुढे वीस मीटर मोकळी पडलेली. अब्बांना सांगा, भिंत दिसली तरी हात आवरायचा, चालत पुढच्या टोकापर्यंत जायचं, तिथे निवांत उभं राहून सात कंकऱ्या मारता येतात, अगदी जवळून.

मग २०१५ ला काय झालं. ते पुलावर झालंच नाही. १० जिलहिज्जा, २४ सप्टेंबर, सकाळची वेळ, पुलाकडे जाणाऱ्या तंबूंच्या मधल्या गल्ल्यांत, २०४ आणि २२३ नंबरचे रस्ते मिळतात तिथे दोन मोठे लोंढे समोरासमोर आले, दोन्ही बाजूंना तंबूंच्या जाळ्या, बाजूला सरकायला जागा नाही. सरकारी आकडा ७६९, पण वेगवेगळ्या देशांनी आपापले जाहीर केलेले आकडे जोडले तर २,४०० च्या वर जातो. माझं मत असं की पूल सुधारला तेव्हा धोका संपला नाही, मागे गल्लीत सरकला. म्हणून नंतर सगळा जोर गल्लीतून कोण कधी निघतो यावर दिला गेला. प्रत्येक मक्तबला, म्हणजे तंबूंच्या गटाला, कंकरीची वेळ ठरवून देतात, रस्ता ठरवून देतात, वर कॅमेरे असतात आणि चौकात पोलीस एक घोळका सोडतात, दोर धरून दुसरा अडवतात. त्यांचं "यल्ला हज्जी, यल्ला" दिवसभर कानात राहतं.

आणि इथे आपल्या लोकांची अडचण सुरू होते. दहा तारखेला सकाळी ते जवाल ही सुन्नत वेळ, त्यामुळे सगळ्यांना सकाळीच जायचं असतं, कंकरी झाली की कुर्बानी, मग हलक आणि एहराम, म्हणजे हजचे ते खास कपडे, उतरणार, अंघोळ करता येणार, दोन दिवसांची दमणूक. आणि वेळ मिळालेली असते असरनंतरची. माझ्या दुसऱ्या खेपेला आम्हाला संध्याकाळी चारची वेळ होती. ग्रुपमध्ये एक रिटायर्ड मास्तर होते, भले माणूस, सगळ्यांना दुआ शिकवायचे. मी पाण्याच्या बाटल्या आणायला गेलो तेवढ्यात मास्तर सहा जणांना घेऊन निघाले, नऊच्या सुमाराला, म्हणाले म्हणे की अल्लाहच्या घरी आलोय, वेळापत्रक कसलं. कंकरी झाली त्यांची. पण परत येताना आले त्या रस्त्याने सोडत नाहीत, पुढून वळसा, तो वळसा घेता घेता मिनाच्या दुसऱ्या टोकाला गेले, सगळे तंबू सारखे पांढरे, एकाचाही फोन चार्ज नाही. दुपारी दोनला मला ते सापडले दुसऱ्या देशाच्या एका तंबूच्या सावलीत, मास्तर बसलेले, ओठ पांढरे, हातात कोणीतरी दिलेली लबनची, म्हणजे ताकाची बाटली घट्ट धरलेली पण पिण्याचं भान नाही, "माझा वर्ग कुठाय" असं विचारत होते मला. त्यांना दवाखान्यात नेलं, दोन दिवसांनी ठीक झाले. पण ते "माझा वर्ग कुठाय" मला अजून ऐकू येतं.

मसला सोपा करून घ्या. वेळेच्या बाबतीत आलिमांनी सवलती दिलेल्या आहेत, रात्री कंकरी मारता येते, कमजोर माणसाला वकील नेमून दुसऱ्याकडून मारून घेता येते. तुम्ही कोकणातले आहात तर बहुतेक शाफई असाल, देशावरचे हाजी बहुतेक हनफी, हे शरियतचे दोन वेगळे मजहब, दोघांच्या वेळांमध्ये फरक आहे आणि एकाच तंबूत दोन्ही असतात त्यामुळे तिथे जाऊन वाद होतात. म्हणून निघायच्या आधीच आपल्या मौलानांना विचारून कागदावर लिहून घ्या की अब्बांच्या तब्येतीला काय चालेल. अब्बांच्या गुडघ्याकडे बघता माझा सल्ला स्पष्ट आहे, पहिल्या दिवशी हिंमत असेल तर रात्रीच्या थंड वेळी जाऊ दे, बाकी दिवस शरियतमध्ये बसत असेल तर वकील द्या. ते तयार होणार नाहीत. बापाला मुलाने सांगितलं तर राग येतो, मुलीने सांगितलं तर ऐकतात, हे मी बघितलंय, तुम्हीच बोला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उलटं चालणाऱ्यांपैकी किती तरी जण बेशिस्त नसतात ताई, ते आपल्या माणसाला शोधत असतात. बायको मागे राहिली म्हणून नवरा वळतो, आणि एकमार्गी लोंढ्यात छातीने वाट काढत मागे यायला लागतो, त्याला बघून दुसरे थांबतात, तिथेच गाठ बसते. म्हणून घरातच, निघायच्या आधी, दोघांकडून वदवून घ्या की हात सुटला तर मागे वळायचं नाही, थांबायचं नाही, पुढे चालत राहायचं, भेट तंबूत. अम्मींनाही हे माहीत पाहिजे की अब्बा शोधायला येणार नाहीत, नाहीतर त्या रडत तिथेच उभ्या राहतील. आणि याला जोडूनच, आपल्याकडे बाईचं सगळं नवऱ्याच्या कमरेच्या पट्ट्यात असतं, तिचं कार्ड, तिचे पैसे, तिच्या गोळ्या, फोनही एकच. एकदा एक चाची मला रात्री मिळाल्या, मराठीशिवाय भाषा नाही, जवळ काहीच नाही, मनगटातल्या स्टीलच्या कड्यावर नंबर होता तेवढ्यावर मी तंबू काढला. ते कडं काढायचं नाही, अंघोळीलाही नाही. दोघांकडे वेगळा फोन, वेगळं नुसुक कार्ड (हाजीचं सौदी ओळखपत्र) गळ्यात, वेगळे थोडे रियाल, वेगळ्या गोळ्या, आणि कव्हर नंबर (हज कमिटीच्या अर्जाचा नंबर), मक्तब नंबर, खादिमचा नंबर कागदावर लिहून प्लॅस्टिकमध्ये. हज सुविधा ॲप फोनमध्ये टाकून दोघांना चालवायला शिकवा, पण कागद पाहिजेच.

तंबू सोडताना जवळच्या खांबाचा नंबर आणि रस्त्याचा फोटो काढायचा. हातात हात धरून वीस जणांची साखळी करू नका, आपल्या लोकांना तीच सुरक्षित वाटते पण ती गर्दीला आडवी जाते आणि लोक तिच्यावर अडकतात, दोघं-तिघं मागेपुढे, खांद्यावर हात, बस. बॅग, पिशवी काही न्यायचं नाही, फक्त पाणी, छत्री, कंकऱ्या. चप्पल मागून पट्टा असलेली (एहराममध्ये मर्दांना पायाचं वरचं हाड उघडं ठेवावं लागतं, ते बघून घ्या), कारण सपाता सुटतात आणि माणूस वाकतो. माझ्या डोळ्यासमोर एक बाई वाकल्या, मी दंडाला धरून ओढलं, दंडावर पाचही बोटं उठली, त्या माझ्यावर चिडल्या की चप्पल राहिली. पुढे कठड्याला टेकून चपलांचा गुडघाभर ढीग होता. गेली चप्पल तर जाऊ दे, वाकायचं नाही.

आणि खुदा न खास्ता दाब आलाच तर दोन्ही हात छातीसमोर दुमडून कोपरं बाहेर, म्हणजे श्वासाला वितभर जागा राहते. ओरडायचं नाही, श्वास वाचवायचा. मागच्याला उलटं ढकलायचं नाही, लाट आली की तिच्याबरोबर जायचं आणि ती ओसरली की तिरकं, कडेच्या दिशेने एक-दोन पावलं, परत लाट, परत तिरकं. भिंत किंवा जाळीला मात्र चिकटायचं नाही, चिरडतं तिथेच. पडलं तर पाठीवर किंवा पोटावर नाही, कुशीवर, डोक्यावर हात, आणि शक्य तितक्या लवकर उठायचं.

हे सगळं सांगितलं, पण खरं सांगू का, अब्बांसाठी मला गर्दीपेक्षा उन्हाची काळजी जास्त आहे. २०२४ ला जूनच्या मध्यावर हज होता, मक्केत ५१.८ अंशांपर्यंत पारा गेला, १,३०१ माणसं गेली, आणि त्यात दहातली आठ बिनपरवान्याची होती असं सौदी सरकारने सांगितलं. त्यांना तंबू नाही, एसी नाही, बस नाही, भर उन्हात मैलोन्मैल चालत होती. त्यामुळेच आता परवान्याची एवढी सक्ती आहे, विनापरवाना सापडला तर २० हजार रियालपर्यंत दंड. कोणी नातेवाईक म्हणाला की व्हिजिट व्हिसावर मी पण येतो सोबतीला, तर त्याला घरीच थांबवा. हज दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, २०२६ ला मे अखेरीस आला, पण मक्केतला मे म्हणजे आपल्या नागपूरच्या मेपेक्षा कमी समजू नका. एहराममध्ये मर्दांना डोक्याला टेकेल असं काही चालत नाही पण छत्री चालते, पांढरी घ्या. तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी. बायका बाथरूमच्या रांगेच्या भीतीने पाणीच पीत नाहीत, अम्मींना हे दहा वेळा सांगा. शुगर-बीपीच्या गोळ्यांच्या वेळा आणि उन्हातला डोस डॉक्टरांकडून आताच बदलून घ्या. बोलण्यात गोंधळ झाला, अंग तापून भाजायला लागलं, तर घाम आहे की नाही बघत बसायचं नाही, सावली, मानेवर काखेत पाणी, वारा, आणि ९९७ किंवा ९११ ला फोन. आणि आजपासून दोघांना चालायला लावा, रोज थोडं थोडं वाढवत पाच-सहा किलोमीटर, त्याच चपला घालून, कारण नवीन चपलेने पहिल्याच दिवशी फोड आला की शुगरवाल्याचा हज तंबूतच जातो.

शेवटचं तुमच्यासाठी. ९ च्या रात्री मुजदलिफात आणि १० ला दिवसभर फोन लागत नाहीत, लाखो फोन एकाच टॉवरवर आणि बॅटऱ्या संपलेल्या. त्या दिवशी जुने व्हिडिओ नवीन म्हणून फिरतात, दर वर्षी फिरतात. ते उघडू नका. १० ला रात्रीपर्यंत काहीच कळलं नाही तर त्यांच्या खादिमला फोन करू नका, मेसेज टाका, नाव आणि कव्हर नंबर लिहून, फक्त "तंबूत आहेत का?" एवढं. माझ्याकडे असे चाळीस-पन्नास मेसेज जमायचे, आणि रात्री बाराला कंदिलासारखा फोन हातात धरून मी एकेका गादीपाशी जाऊन बघायचो आणि "आहेत, झोपलेत" असं लिहायचो.